काचेच्या शेगडीवरचं खापर

एरंडोलच्या वडगल्लीत कोणाकडे लग्न निघालं की मुलीचा बाप आधी मंडपवाल्याकडे जात नाही, कुंदाबाईच्या ओट्यावर येऊन बसतो. मंडप काय, कोणीही बांधून देतं. पण पंगतीत कुंदाबाईच्या हातचा मांडा नसला तर वरमाई रुसते, आणि एकदा रुसलेली वरमाई सुनेला ते जन्मभर ऐकवते.

मांडा म्हणजे आपली खापरावरची पुरणपोळी. पुण्याकडची पुरणपोळी शेजारी ठेवली तर ती हातरुमाल दिसते. पुरण भरलेला गोळा कुंदाबाई दोन्ही हातांवर अशी झुलवायची की तो वाढत वाढत कोपरापर्यंत यायचा, त्यातून पलीकडचा उजेड दिसायचा, पण फाटायचा म्हणून नाही. मग एक झोका, आणि मांडा चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर. खापर तापलं की नाही हे बघायला ती तळहात त्यावर वितीभर धरायची, मग पाण्याचे दोन शिंतोडे मारायची. थेंब नाचत खाली पळाले की खापर तयार. मांडा उलटायलाही तिला उलथनं लागायचं नाही, बोटंच पुरायची. बाया म्हणायच्या, कुंदाबाईच्या हाताला चटका बसतच नाही, सगळा चटका तिच्या जिभेत आहे.

हे खरं होतं. नवरा भाईदास एसटीत कंडक्टर होता. भरल्या गाडीला गप्प करणारा माणूस घरात आला की स्वतःच गप्प व्हायचा. तो गेल्यावर घरात कुंदाबाई एकटी. मुलगा हितेंद्र नरडाण्याच्या एका कारखान्यात विजेच्या मोटारी आणि पॅनल सांभाळतो आणि धुळ्याला तिसऱ्या मजल्यावर राहतो. मुलगी ज्योत्स्ना नशिराबादला दिलेली.

समोर लखीचंद शेठचं किराणा दुकान आणि दुकानावर सायरबाई. सायरबाई म्हणजे लखीचंदची बायको, गल्लीचं वर्तमानपत्र. जैन म्हणून पाणी ती गाळून पिते, पण पोटात तिच्या काही राहत नाही. बातमी आली की बाहेर. गेल्या हिवाळ्यात कुंदाबाईने गॅसवर दूध ठेवलं, वाऱ्याने ज्योत विझली, आणि ही बाहेरच्या ओट्यावर मेथी निवडत कोणाच्या तरी सुनेची हजेरी घेत बसली. वास दुकानापर्यंत गेला. सायरबाई धावत आत आली, आणि तिने आधी धुळ्याला फोन केला, मग रेग्युलेटर बंद केला.

"सायरबाई, आधी गॅस बंद करायचा का फोन?" कुंदाबाई फणकारली.

"घाबरल्यावर हात जिथे जातो तिथे जातो, बाई," सायरबाई म्हणाली. "माझा फोनवर गेला."

त्या फोनने सगळं उलटंपालटं केलं. हितेंद्र रविवारी आला. धुळ्याला न्यायला सिलिंडर गाडीवर बांधलं आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर काळ्या काचेची विजेची शेगडी आली. ना जाळ, ना धूर, ना वास. बटण दाबलं की काचेखाली लाल चक्र पेटतं, बंद केलं की काळं पाणी साचल्यासारखी काच गप्प. मागच्या अंगणातली चूल तर फरशी बसवली तेव्हाच मोडली होती.

"माय, याच्यावर कोणतंही भांडं चालतं," हितेंद्रने सांगितलं. "लोखंड, पितळ, ॲल्युमिनियम. दुकानदार म्हणे, मातीचंसुद्धा."

स्वयंपाकघरातला जाड पिनचा पॉइंट होता दाराजवळ, ओटा खिडकीपाशी. हितेंद्रला दुपारच्या आत परत निघायचं होतं. त्याने फ्रिजमागचा लांब वायरचा बोर्ड ओढून आणला, त्यावर फ्रिज होताच, मिक्सर होता, तिसऱ्या भोकात शेगडी खोचली. कारखान्यात कोणी असं केलं असतं तर त्याने त्याची चामडी सोलली असती. पण हे आईचं घर. आईच्या घरात सगळं चालतं असं मुलांना वाटतंच.

निघताना उंबऱ्यात थांबून तो म्हणाला, "माय, आता पुन्हा काही झालं ना, तर मी ऐकणार नाही. घराला कुलूप, आणि तू धुळ्याला. नूतनने खोली रिकामी करून ठेवेल शे."

"चल, जाय. कुलूप लावणारा आला मोठा," कुंदाबाई म्हणाली. पण त्या दिवसापासून कुलूप हा शब्द तिच्या पोटात खड्यासारखा बसला.

धुळ्याचं तिला वाकडं नव्हतं. सून नूतन गुणाची होती; कुंदाबाई तिला नावं ठेवायची ती केवळ सवय जाऊ नये म्हणून. पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. लिंबाला झोका बांधतात, घागर भरतात, मांडे खातात. हे घर बंद झालं तर ज्योत्स्ना कोणाकडे येणार? भावाकडे येईल, पाहुणीसारखी, आणि दुसऱ्या दिवशी बस धरेल. भावाचं घर आणि माहेर यातला फरक पुरुषांना समजावून सांगता येत नाही. बायांना सांगावा लागत नाही.

म्हणून कुंदाबाई शेगडीला जपायला लागली. काच आरशासारखी पुसायची. तिथेच घात झाला.

फाल्गुन सरत आला होता. तिने चहा केला, बटण बंद केलं, पातेलं उतरवलं. काच काळी, गप्प. कोपऱ्यात दोन उभ्या रेघा आणि मधे एक आडवी, अशी बाजेसारखी एक छोटी लाल खूण तेवढी पेटलेली होती. ती कंपनीची असेल असं तिला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. चहाचा एक ओघळ दिसला. तिने ओलं फडकं घेतलं, डावा हात टेकवला आणि उजव्याने पुसायला लागली. निवांत. ओठांत काहीतरी पुटपुटत.

मग वास आला. पोळी करपल्याचा नव्हे, दुधाचाही नव्हे. तिने पातेल्यात पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, लखीचंदच्या दुकानाकडे तोंड करून "शेठ, काय जाळलं?" असं ओरडायलाही ती निघाली होती. तेवढ्यात तिचं लक्ष स्वतःच्या डाव्या हाताकडे गेलं.

हात उचलला तेव्हा तळव्याची कातडी पांढरी पडली होती. दुखत नव्हतं. तेच भयंकर होतं. ती जमिनीवर बसली आणि आपल्याच हाताकडे दुसऱ्याच्या हाताकडे पाहावं तशी पाहत राहिली. संध्याकाळी फोड आले. तिने त्यावर हळद दाबली आणि पदर हातावर ओढून घेतला.

त्यानंतर ती स्वतःलाच चाचपून बघायची. दाराची कडी दुपारच्या उन्हात तापलेली, तिला हात लावायची. कोमट. सुई बोटाला टोचायची. सुई कळायची, टोक कळायचं नाही. साखरेच्या आजारावरच्या गोळ्या ती कित्येक वर्षं खात होती, म्हणजे आठवेल तेव्हा. डॉक्टरांनी पायाला मुंग्या येतात का विचारलं होतं तेव्हा तिने हसून सांगितलं होतं, "मुंग्या तर मन्या साखरेच्या डब्यालेबी येतीस." आता त्या विनोदाचं हसू येत नव्हतं.

ज्या हाताला चटका बसत नाही म्हणून गल्ली कौतुक करायची, त्याला आता खरोखरच चटका बसत नव्हता. हे कोणाला सांगायचं? सायरबाईला सांगणं म्हणजे दवंडी. हितेंद्रला सांगणं म्हणजे कुलूप. ज्योत्स्नाला सांगणं म्हणजे तिने रात्रभर रडणं आणि सकाळी भावाला फोन करणं. कुंदाबाईने कोणालाच सांगितलं नाही. तिची जीभ एवढी गप्प कधी नव्हती; गल्लीला वाटलं उन्हाने असेल.

आखाजी जवळ आली तसा ज्योत्स्नाचा फोन आला.

"माय, यंदा मांडे करशील ना वं? मन्या सासूनी सांगेल शे, दोन बांधून आण."

"तुन्या सासूला काय, घरी पोळ्या मिळत नहीत का?"

"माय!"

"करसू, करसू. तू ये तर आधी."

फोन ठेवला आणि कुंदाबाई माळ्याखाली उभी राहिली. वर पोत्यात गुंडाळलेलं खापर होतं, सासूच्या वेळचं, तूप पिऊन पिऊन काळं कुळकुळीत झालेलं. चूल नाही. गॅस नाही. पण मातीचंसुद्धा चालतं असं दुकानदारानेच सांगितलं होतं ना? दुकानदार बिचारा कुठला, कोणास ठाऊक. मातीचं भांडं म्हणजे त्याच्या डोळ्यापुढे आमटीची हंडी आली असणार. मातीचं भांडं शेगडीवर पालथं घालून त्याच्या पाठीवर स्वयंपाक करणारी माणसं खानदेशात राहतात, हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

आखाजीच्या आदल्या आठवड्यात, दुपारी गल्ली झोपलेली असताना, कुंदाबाईने दार ओढून घेतलं आणि खापर काचेवर पालथं घातलं. एक तरी मांडा करून बघायचा. हात साथ देतात का ते तिला एकटीला, कोणी नसताना बघायचं होतं. शेगडीपेक्षा परीक्षा तिचीच होती.

बटण दाबलं. पालथ्या खापराच्या पोटात लाल उजेड कोंडला. खापराने काच झाकली, शेगडीच्या श्वास घ्यायच्या फटी झाकल्या, आणि आत धग साठत गेली. थोड्या वेळाने शेगडी आपोआप बंद पडली. शहाणी होती, सांगत होती की मला गुदमरतंय. कुंदाबाईने तिच्या पाठीत दोन चापट्या मारल्या आणि पुन्हा बटण दाबलं. पुन्हा बंद. पुन्हा चालू. ओट्यामागे भिंतीशी बोर्डातून प्लास्टिकचा करपट वास यायला लागला होता. पण वासाला ती आता भीत होती. तिने आधी आपले हात पाहिले. हात ठीक होते. मग वास कुठून का येईना.

गोळा तयार होता. तिने तळहात खापरावर धरला. वीतभर. मग अर्धी वीत. मग टेकेल इतका जवळ. काहीच कळेना. जन्मभर जे हाताने सांगितलं ते आज हात सांगत नव्हता. मग उरला एकच उपाय. तिने वाटीत बोटं बुडवली आणि सवयीने, मनगट झटकून, पाण्याचा शिंतोडा मारला. अंदाज चुकला म्हणून दुसरा मारला, ओंजळभर.

थेंब नाचले. नाचत खापराच्या उतारावरून चारी बाजूंनी खाली पळाले, थेट तापून लाल झालेल्या काचेवर.

बंदूक उडावी तसा आवाज झाला. काच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तडकली. खापर कलंडलं, वाटीतलं पाणी सांडून फटीत उतरायला लागलं, आत काहीतरी चरचरलं. फरशी ओली, पाय अनवाणी, हात ओले. कुंदाबाईला एकच सुचलं, शेगडी बंद करायची. तिने हात पुढे केला.

"हात लावू नका! मागे सरा, मागे!"

दारात सायरबाई. आवाज ऐकून ती दुपारची झोप आणि एक चप्पल टाकून धावत आली होती. ती पुढे आली नाही. दारामागच्या मेन स्विचची मूठ तिने दोन्ही हातांनी खाली ओढली. पंखा थांबला, फ्रिज थांबला, शेगडीतलं चरचरणं थांबलं. या वेळी फोन तिच्या हातात नव्हता.

"बाई गं," सायरबाई धापा टाकत म्हणाली, "मरायचं होतं तर आखाजी झाल्यावर मरायचं. सणासुदीला सुतक लावता का?"

कुंदाबाईला हसू आलं, आणि हसता हसता ती खाली बसली आणि रडायला लागली. सायरबाईने उभ्या जन्मात तिला रडताना पाहिलं नव्हतं. भाईदास गेला तेव्हाही कुंदाबाई खांदेकऱ्यांना नीट चाला म्हणून ओरडत होती.

"हात दाखवा," सायरबाई म्हणाली. "भाजलं का?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही, सायरबाई. मले कळत नही." आणि मग तिने डावा तळवा उघडला. जुन्या फोडाची गुलाबी खपली हळदीत माखलेली होती.

सायरबाईने तळवा आपल्या हातात घेतला, गल्लीला हाक मारायला ती उठली नाही, आणि हे त्या दुपारचं तडकलेल्या काचेपेक्षा मोठं आश्चर्य होतं.

"हितेंद्रले सांगू नका," कुंदाबाई म्हणाली. "तुम्हाला महावीराची आण."

"आण घालू नका हो. मला पाळता येत नाही, मग पाप लागतं."

"घर जाईल माझं."

"बरं," सायरबाई म्हणाली. "प्रयत्न करते."

तिने खरंच प्रयत्न केला. गल्लीतल्या बाया सांगतात, त्या आठवड्यात सायरबाई आजारी असल्यासारखी दिसत होती. कुंदाबाईचा डबा ती आपल्या घरून पाठवायची, बिनकांद्याचा, बिनलसणाचा. कुंदाबाई तो ठेच्याशिवाय गिळायची आणि म्हणायची, पाप मी केलं नाही तरी प्रायश्चित्त चालू आहे.

आखाजीच्या आदल्या सकाळी दोन्ही लेकरं एकदमच आली. ज्योत्स्ना उंबऱ्यातून थेट झोक्याचा दोर शोधायला लागली. हितेंद्र पाणी प्यायला आत गेला. शेगडी फडक्याने झाकून कोपऱ्यात ठेवलेली होती. त्याने फडकं उचललं.

"माय, हे काय शे?"

"मांजरीने पाडली," कुंदाबाई म्हणाली.

"कोणती मांजर? घरात मांजर आहे का?"

"गल्लीत आहे."

सायरबाई दारात उभी होती, हातात पापडाचं ताट घेऊन. हितेंद्रने तिच्याकडे पाहिलं, तेवढंच. पाहणं पुरलं.

"मांजर नाही हो हितेंद्रभाऊ," सायरबाईच्या तोंडून धरण फुटल्यासारखं आलं. "खापर पालथं घातलं, पाणी शिंपडलं, काच फुटली, ओल्या हाताने बंद करायला निघाल्या होत्या, मी मेन खाली ओढला. आणि हाताला यांना काही कळत नाही, भाजलं तरी कळत नाही. कुंदाबाई, माफ करा. आठवडाभर पोटात ठेवलं, पोट दुखायला लागलं."

ज्योत्स्नाच्या हातातला दोर खाली पडला.

हितेंद्रचा चेहरा तापला. "सामान बांध, माय. सण धुळ्याला करू. कुलूप कोठे शे?"

कुंदाबाई भिंतीला टेकून खाली बसली. ज्योत्स्ना मात्र उठली. तिने दोन वाट्या आणल्या. एकीत माठातलं पाणी, दुसरीत सायरबाईकडून आणलेलं कढत पाणी. भाजू नये इतपत निवू दिलं. आईला डोळे मिटायला सांगितलं आणि बोटं एकेका वाटीबाहेर टेकवली.

"कोणती गरम, माय?"

कुंदाबाईने डोळे घट्ट मिटले होते. ओठ हलले. "डावी," ती म्हणाली.

तिने डोळे उघडले तेव्हा ज्योत्स्ना तोंड फिरवून बसली होती. म्हणजे उजवी होती.

"बघा," हितेंद्र म्हणाला, पण आवाजात आधीची धग नव्हती. "म्हणूनच म्हणतो. अशा बाईला एकटं ठेवायचं कसं?"

"ते खरं," सायरबाई म्हणाली. एकदा सुटलेलं तोंड ती अर्ध्यावर थोडीच थांबवणार. "पण हितेंद्रभाऊ, तुम्ही ना मोठे कारखान्यातले, तो बोर्डही जरा पाहा. मला काय कळतं, मी आपली किराण्यातली. पण तो सांडगा झालाय."

हितेंद्रने ओट्यामागून बोर्ड ओढून काढला. बोर्डाचं तिसरं भोक वितळून मिटलं होतं, भिंतीवर काळा पट्टा वर चढला होता, वायर चिकटून कडक झाली होती. त्याने ती हातात घेतली. स्वतःच्याच हाताने खोचलेली. ही वायर कशाला जोडायची आणि कशाला नाही हे शिकवायचे त्याला महिन्याला पैसे मिळत होते. तो उकिडवा बसून राहिला. खापर नसतं, पाणी नसतं, तरी एक दिवस हे पेटलंच असतं, आणि आईला वासाशिवाय काही कळलं नसतं.

"मी निघायच्या घाईत होतो," तो शेवटी म्हणाला. कोणाला म्हणाला कोणास ठाऊक.

"तू लहानपणापासून घाईतच शेस, भाऊ," कुंदाबाई म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं.

कुलूप त्या दिवशी सापडलं नाही. सापडायला कोणी शोधलंही नाही. हितेंद्र वायरमन मगनला घेऊन आला आणि दुपारभर ओट्याजवळ जाड वायरचा स्वतंत्र पॉइंट घालून घेतला. नवी शेगडी आणायची की नाही ते सोमवारी जळगावच्या डॉक्टरांना हात दाखवल्यावर ठरायचं होतं. ज्योत्स्नाने जुन्या शेगडीची कोपऱ्यातली जागा आईला दाखवली. ती बाजेसारखी लाल खूण कंपनीची नव्हती. काच तापलेली आहे, एवढंच ती सांगत होती.

"बाज दिसते तोवर हात लावायचा नाही, माय. आणि काम झालं तरी भांडं काचेवरच राहू द्यायचं. भांडं आहे म्हणजे तापलंय, असं धरायचं. हात सांगत नाही ना, मग डोळ्याला विचारायचं."

"डोळे गेले की?"

"मग सायरबाई आहेत," ज्योत्स्ना म्हणाली. सगळे हसले. कुंदाबाईही हसली, थोडं उशिरा.

"दिवाळीपर्यंत बघू, माय," हितेंद्र म्हणाला. "दिवाळीपर्यंत. पुढचं पुढे."

आखाजीच्या सकाळी अंगणात तीन दगड मांडले. कापसाच्या काड्यांचा जाळ केला आणि खापर पालथं घातलं. कुंदाबाई पाटावर बसली. हात मांडीवर, एकमेकांत गुंतवलेले. ते तिथेच ठेवायचे असं तिने ज्योत्स्नाला वचन दिलं होतं. ज्योत्स्नाने गोळा घेतला. पहिला मांडा हातावरच फाटला, पुरण कोपरावरून ओघळलं.

"सासूले हाच बांधून ने," कुंदाबाई म्हणाली.

दुसऱ्याला भोक पडलं. तिसरा वाढायला लागला, मनगटापर्यंत, मग थोडा पुढे. ज्योत्स्ना थांबली. "माय, खापर तापलं का?"

कुंदाबाईचा उजवा हात मांडीवरून उठला, खापराकडे निघाला, आणि वाटेतच थांबला. जाळ तिच्या बोटांपर्यंत पोचला असेल, नसेल. तिने हात मागे घेतला आणि पदराखाली ठेवला.

"पाणी मार," ती म्हणाली. "आणि मले सांग, थेंब कसे पळतस ते."